ताप न येणारं आजारपण : टोसिलिझुमॅब घेणाऱ्या मुलाबद्दल शाळेला आणि घराला काय माहीत हवं



आजचा लेख पुस्तकातल्या धड्यावर नाही, तरी वर्गाशी त्याचा थेट संबंध आहे. पालक सभेत मला एका आईनं विचारलं, "मॅडम, पोरीला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात सलाईनमधून औषध देतात. डॉक्टर म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी होते, जपा. शाळेत नक्की काय जपायचं?" डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवलं, प्रथमोपचार शिकवले, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पेपरात नव्हतं. म्हणून वाचन केलं आणि त्यातून हा लेख तयार झाला. मी डॉक्टर नाही. कुठलं औषध घ्यायचं, किती घ्यायचं, कधी थांबवायचं हे ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. त्या औषधाचे गंभीर दुष्परिणाम वेळेत ओळखणं मात्र आपल्या हातात असतं, कारण मूल दिवसाचे पाच-सहा तास आपल्यासमोर बसलेलं असतं.

नाव ओळखीचं आहे

औषधाचं नाव टोसिलिझुमॅब. पुणे जिल्ह्यात हे नाव ऐकलं नाही असं घर क्वचितच सापडेल. एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रेमडेसिव्हिरच्या जोडीनं लोक याच इंजेक्शनासाठी वणवण फिरत होते. चारशे मिलिग्रॅमच्या एका बाटलीला सुमारे ४०,००० रुपये लागत. तुटवडा एवढा होता, की जिल्हा प्रशासन रुग्णालयांना वाटप करून देत होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर 'टोसी कुठं मिळेल?' हा मेसेज असायचा.

त्यामुळे आपल्याकडे अनेकांच्या मनात हे 'कोरोनाचं इंजेक्शन' म्हणून बसलं आहे. मुळात हे औषध सांध्यांच्या आजारासाठी तयार झालं. जपानमधल्या ओसाका विद्यापीठातले शास्त्रज्ञ तादामित्सु किशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून ते पुढे आलं. २००८ साली जपानमध्ये मोठ्यांच्या आमवातासाठी आणि मुलांच्या संधिवातासाठी त्याला परवानगी मिळाली. अमेरिकेत मोठ्यांसाठी २०१० मध्ये आणि मुलांच्या एका विशिष्ट संधिवातासाठी २०११ मध्ये मिळाली. कोरोनाची लाट ओसरली, तरी या मुलांचं औषध चालूच आहे.

लहान मुलांना संधिवात?

हो, होतो. सांधेदुखी म्हणजे म्हातारपण हा आपला पक्का समज. आपल्याच सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघरी पाहणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या कार्यक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचा काही ना काही त्रास असल्याचं आढळलं आणि साधारण दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात निघाला. म्हणजे हे आजार शहरातल्या श्रीमंतांचे नाहीत, आपल्या गावांतलेच आहेत.

मुलांमध्ये सोळा वर्षांच्या आत सुरू होणारा आणि सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा सांधेदाह म्हणजे बालसंधिवात. त्याचा एक प्रकार संपूर्ण शरीराला व्यापतो. रोज ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, जोराचा ताप चढतो आणि उतरतो. अंगावर फिकट गुलाबी पुरळ येऊन जातं. सांधे सुजतात. सकाळी उठल्यावर अंग आखडलेलं असतं. आपल्याकडे आधी टायफॉइड, मग टीबी असं करत करत बरेच दिवस निघून जातात, मग निदान होतं.

शिक्षकांनी यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. सकाळच्या परिपाठाला उशिरा येणारं, जिना चढायला कां-कूं करणारं, पेन्सिल नीट न धरणारं मूल दुपारपर्यंत मोकळं होऊन खेळायला लागलं, तर ते आळशी किंवा नाटकी आहे असं समजू नये. हा आजार असाच वागतो.

औषध काम कसं करतं? भोंग्याचं उदाहरण

आपल्या भागात साखर कारखान्याचा भोंगा सगळ्यांना माहीत आहे. भोंगा वाजला की पाळी बदलते, माणसं कामाला लागतात. शरीरातही असे रासायनिक भोंगे असतात. त्यातला एक म्हणजे इंटरल्युकिन-६.

जंतू शरीरात शिरला की पेशी हा भोंगा वाजवतात. तो ऐकून मेंदू शरीराचं तापमान वाढवतो, म्हणजे ताप येतो. यकृत सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवू लागतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'सीआरपी वाढला आहे' असं डॉक्टर म्हणतात ना, ते हेच. प्रतिकार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. जंतू संपला की भोंगा थांबतो.

या मुलांमध्ये कुठलाही जंतू नसताना भोंगा वाजतच राहतो. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून जातं. ताप, सूज, वेदना, खुंटलेली उंची, कमी झालेलं रक्त हे सगळं त्यातून येतं.

टोसिलिझुमॅब हा भोंगा बंद करत नाही. ते ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे घालतं! भोंग्याचा संदेश पेशीवरच्या ज्या जागी पोहोचतो, ती जागाच औषध अडवून धरतं. भोंगा वाजत असतो, पण कुणाला ऐकू येत नाही. सांधे शांत होतात, ताप थांबतो.

गुण किती येतो? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन ते सतरा वर्षं वयाची ११२ मुलं होती. बारा आठवड्यांनी औषध मिळालेल्या ७५ पैकी ६४ मुलांचा ताप थांबून आजारात स्पष्ट सुधारणा झाली होती. नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण मिळालेल्या ३७ मुलांपैकी फक्त ९ जणांत तेवढी सुधारणा झाली. अंथरुणात पडून राहणारं मूल पुन्हा शाळेत येऊन बसतं, ते अशा औषधांमुळे. दुष्परिणामांची यादी वाचून औषधाला शत्रू ठरवू नये, म्हणून हे आधी सांगितलं.

अडचण इथूनच सुरू होते

कानात बोळे आहेत, आणि खरोखरच जंतू आला तर? भोंगा वाजेल, पण ऐकू कुणालाच येणार नाही. प्रतिकार तर कमी होतोच, शिवाय ज्या खुणांवरून आपण आजार ओळखतो त्याही पुसट होतात. न्यूमोनिया झाला तरी ताप थोडासाच येईल, किंवा येणारच नाही. सीआरपीचा रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो. आपण कपाळाला हात लावतो, "ताप नाही ना, मग काही नाही" म्हणतो आणि मुलाला वर्गात बसवतो. या मुलांच्या बाबतीत तो नियम चालत नाही. संपूर्ण लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

आता गंभीर दुष्परिणाम एकेक करून पाहू. बहुतेक मुलांना सर्दी-खोकला, डोकेदुखी एवढ्यावरच भागतं. पुढच्या गोष्टी कमी जणांना होतात, पण झाल्या तर वेळ घालवून चालत नाही.

१. गंभीर संसर्ग. न्यूमोनिया, त्वचेखाली पसरणारा पू, लघवीचा संसर्ग, नागीण, बुरशीचे आजार हे सगळे यात येतात. साधं खरचटलेलं लाल होऊन पसरू लागलं, धाप लागली, लघवीला जळजळ होऊ लागली, मूल एकदम मलूल झालं, की त्याच दिवशी डॉक्टर.

२. लपलेला टीबी जागा होणं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात टीबीच्या जंतूचा शिरकाव झालेला आढळला. ही माणसं आजारी नसतात. प्रतिकारशक्तीनं जंतूला कोंडून ठेवलेलं असतं. ती कमी केली की कोंडलेला जंतू बाहेर येऊ शकतो. म्हणून अशी औषधं सुरू करण्याआधी मॅन्टू चाचणी किंवा रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे करतात. लपलेला टीबी सापडला, तर आधी त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात. घरात आजी-आजोबांचा किंवा कुणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते.

३. पोटाची गंभीर दुखणी. आतड्याला किंवा जठराला भोक पडणं हा क्वचित होणारा, पण जीवघेणा परिणाम आहे. तो प्रामुख्यानं मोठ्या वयाच्या रुग्णांत दिसला आहे, विशेषतः आतड्याचा जुना आजार असलेल्यांत आणि सोबत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत. मुलांमध्ये शक्यता कमी. तरीही पोटात सतत, जोराचं दुखत असेल, तर ओवा-हिंग देऊन वाट पाहू नये.

४. यकृतावर परिणाम. रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढतात. बहुतेकांत ती डोस पुढे ढकलल्यावर खाली येतात. पण क्वचित कावीळ, यकृत निकामी होणं आणि काही रुग्णांत यकृत प्रत्यारोपणापर्यंत वेळ आल्याच्या नोंदी झाल्या. त्यावरून युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये डॉक्टरांना खास सूचना दिली. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, जेवणावरची वासना उडणं ही लक्षणं दिसली, तर गावठी कावीळ उतरवायला जाऊ नका. आधी रक्त तपासा.

५. रक्तपेशी कमी होणं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होऊ शकतात. बाहेरून काही दिसत नाही, रिपोर्टमध्येच कळतं. म्हणून "पोरगी छान आहे, कशाला उगाच टोचायचं" असं म्हणून रक्त तपासणी चुकवू नये.

६. सलाईन चालू असताना येणारी अ‍ॅलर्जी. औषध साधारण तासभर शिरेतून दिलं जातं. त्या वेळी किंवा पुढच्या २४ तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं असं होऊ शकतं. आधीचे डोस नीट गेले म्हणून पुढचा नीट जाईलच, असं नाही. म्हणूनच हे औषध सोयी असलेल्या दवाखान्यातच घ्यायचं. डोसच्या दुसऱ्याच दिवशी मूल शाळेत आलं असेल, तर शिक्षकांना ते माहीत हवं.

आणखी एक गोष्ट. या प्रकारच्या बालसंधिवाताचीच एक गुंतागुंत अशी आहे, की प्रतिकारशक्ती एकदम बेभान होते. मूल गुंगीत जातं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं, त्वचेवर काळे-निळे डाग पडतात. औषध चालू असताना यातही ताप झाकला जाऊ शकतो. थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

२०२१ नं काय दाखवलं

आपल्या जिल्ह्यानं या औषधाचं दोन्ही रूप जवळून पाहिलं, म्हणून थोडं मागे जाऊ.

कोरोनात काही रुग्णांचं शरीर विषाणूपेक्षा स्वतःच्या सुजेनंच जास्त खचत होतं. तिथे भोंगा ऐकू न येणं फायद्याचं होतं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या अभ्यासात ४,११६ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांसोबत टोसिलिझुमॅब मिळालेल्यांपैकी ३१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण चार आठवड्यांत दगावले. शंभरामागे चार जीव वाचले. ही मोठी गोष्ट आहे. पण 'एक इंजेक्शन मिळालं की माणूस वाचला' असा जो समज तेव्हा पसरला होता, तसं हे नव्हतं. भारत सरकारच्या त्या वेळच्या सूचनांतही स्पष्ट होतं, की स्टिरॉइड देऊनही सुधारणा नसलेल्या गंभीर रुग्णालाच, आणि टीबी, बुरशी किंवा जिवाणूंचा चालू संसर्ग नसेल तरच ते द्यावं. औषधासाठी धावणाऱ्या घरच्या माणसांपैकी कितीजणांपर्यंत ही दुसरी अट पोहोचली असेल?

त्याच मे महिन्यात म्युकरमायकोसिस, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत, तो आजार महाराष्ट्रात झपाट्यानं वाढला. त्याचा दोष एकट्या टोसिलिझुमॅबला देता येणार नाही. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा भडिमार ही त्याची मुख्य कारणं होती. पण प्रतिकारशक्ती अनेक बाजूंनी एकाच वेळी दाबली गेली की बुरशीसारखा एरवी निरुपद्रवी शेजारी कसा घरात घुसतो, ते आपण पाहिलं. १२ जून २०२१ ला जीएसटी परिषदेनं ज्या औषधांवरचा कर शून्यावर आणला, त्यांत टोसिलिझुमॅब होतं आणि म्युकरवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन बीसुद्धा होतं. प्रतिकार दाबणारं औषध आणि बुरशी मारणारं औषध एकाच यादीत आली होती.

कोरोनाच्या रुग्णाला एखादाच डोस मिळायचा. आपल्या वर्गातल्या मुलाला तो महिनोन्‌महिने मिळतो. या प्रकारच्या बालसंधिवातात साधारण दर दोन आठवड्यांनी, अनेक सांध्यांच्या दुसऱ्या प्रकारात दर चार आठवड्यांनी. म्हणून काळजीही तेवढीच लांब पल्ल्याची लागते.

लसीकरणाच्या दिवशी

हा भाग शिक्षकांसाठी फार महत्त्वाचा आहे. काही लसींमध्ये अशक्त केलेला, पण जिवंत जंतू असतो. बीसीजी, तोंडातून द्यायचे पोलिओचे थेंब, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची लस या त्यातल्या. यातल्या बीसीजी आणि गोवर-रुबेलासारख्या लसी आपल्या शेजारी, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होतात. निरोगी मुलासाठी त्या सुरक्षित आणि अत्यंत गरजेच्या आहेत. पण प्रतिकार दाबलेल्या मुलात तो अशक्त जंतूही डोकं वर काढू शकतो. म्हणून टोसिलिझुमॅब चालू असताना जिवंत लस देत नाहीत. शक्य असेल तर औषध सुरू होण्याआधीच राहिलेल्या लसी पूर्ण करून घेतात.

दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांना शाळेत दिली जाणारी टीडीची लस जिवंत नसते, ती चालते. तरी मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर शाळाशाळांतून गोवर-रुबेला मोहीम झाली, ती सर्वांना आठवत असेल. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांच्या याद्या आपणच केल्या होत्या. अशी मोहीम पुन्हा आली, तर यादीत या मुलाच्या नावापुढे खूण हवी आणि आरोग्य सेविका ताईंना आधीच सांगितलेलं हवं. घाईच्या रांगेत सात वर्षांचं मूल स्वतःहून "मला टोसिलिझुमॅब चालू आहे" असं सांगणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. हे मूल लस घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी ती घेतलीच पाहिजे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवरची साथ आली, ती लसीकरण मागे पडलेल्या भागांत. वर्गातली बाकीची मुलं लसवंत असतील, तर गोवर या मुलाच्या बाकापर्यंत पोहोचण्याची शक्यता खूप कमी होते. भावंडांच्या लसींबद्दल, विशेषतः पोलिओच्या थेंबांबद्दल, डॉक्टरांना वेगळं विचारून घ्या.

शाळेनं काय करावं

- मूल शाळेत येऊ द्या. हा आजार संसर्गजन्य नाही. त्याच्यापासून कुणालाच धोका नाही. धोका असलाच तर त्याला इतरांपासून आहे.
- वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि त्या वर्गावर तासाला जाणारे शिक्षक, एवढ्यांना आजाराची माहिती असावी. सगळ्या वर्गासमोर जाहीर करू नये.
- हजेरीपटाच्या मागे एक चिठ्ठी ठेवा. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, आई-वडिलांचा आणि डॉक्टरांचा फोन.
- वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर झाल्याचं कळलं, की त्याच दिवशी या मुलाच्या घरी फोन करा. शनिवार-रविवार मध्ये आला म्हणून सोमवारपर्यंत थांबू नका. संपर्कानंतर लगेच कळलं, तर डॉक्टर प्रतिबंधक उपचार देऊ शकतात. उशीर झाला की ती संधी जाते. शाळा करू शकेल अशी सगळ्यात मोठी मदत हीच आहे.
- ताप नसला तरी मूल नेहमीपेक्षा गप्प आहे, डबा खात नाही, बाकावर डोकं टेकवून पडलं आहे, जोरात श्वास घेतं आहे, एवढं दिसलं तरी घरी कळवा. श्वास लागला किंवा गुंगी आली, तर १०८.
- शाळेतून तापाची, दुखण्याची गोळी देऊ नका.
- मैदानावर खरचटलं, तर लगेच साबण-पाण्यानं धुवा, झाका आणि वहीत लिहून घरी कळवा.
- खिचडी गरम गरम वाढावी, पिण्याचं पाणी स्वच्छ असावं, जेवणाआधी सगळ्याच मुलांनी हात धुवावेत. या एका मुलासाठी केलेल्या गोष्टीचा फायदा सगळ्या वर्गाला होतो.

आपल्या लोणीत तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम असतो. गाव माणसांनी फुलून जातं, शाळांमध्ये वारकरी उतरतात. अशा मुलाला दर्शनाला नेऊच नये, असं मी म्हणणार नाही. पण गर्दी कमी असेल त्या वेळी न्यावं, मास्क लावावा, पाणी घरचं असावं. मुक्काम हलल्यावर वर्गखोल्या आणि पाण्याच्या टाक्या नीट धुऊन मगच शाळा भरवावी.

पालकांनी काय करावं

- शाळेपासून लपवू नका. "लोक काय म्हणतील", "मुलीचं पुढं कसं होईल" ही भीती मला समजते. पण शिक्षकाला माहीत नसेल, तर कांजिण्यांचा तो फोन तुम्हाला येणारच नाही.
- डोसच्या दिवशी मुलाला खोकला, जुलाब, जखम, काहीही असेल तर सलाईन लावण्याआधी सांगा. "एवढ्या लांबून आलो, डोस घेऊनच जाऊ" हा विचार बाजूला ठेवा. संसर्ग असताना डॉक्टर डोस पुढे ढकलतात, त्याला कारण असतं.
- प्रत्येक नव्या डॉक्टरला, दातांच्या डॉक्टरलासुद्धा, हे औषध चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. गावातल्या डॉक्टरांनी सीआरपी नॉर्मल पाहून "काही नाही" म्हटलं, तर त्यांना या औषधाचा सीआरपीवर होणारा परिणाम सांगा आणि मूळ डॉक्टरांशी बोलायची विनंती करा.
- शेवटच्या डोसनंतरही औषधाचा परिणाम काही आठवडे राहतो. "आता बंद झालं" म्हणून लगेच सावधगिरी सोडू नका.
- सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या असतील, तर त्या मनानं अचानक बंद करू नका. ते स्वतःच धोक्याचं ठरतं.
- दुष्परिणामांच्या भीतीनं डोस परस्पर चुकवू नका. आजार पुन्हा उसळला, तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. शंका असेल तर विचारा, वही घेऊन जा, प्रश्न लिहून न्या. डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात अपमान कसला?

इतर औषधांचं काय?

सलाईनमधून दिली जाणारी अशी औषधं आणखीही आहेत. इन्फ्लिक्सिमॅब आतड्याच्या आणि सांध्यांच्या आजारात देतात. त्यात टीबी जागा होण्याची भीती विशेष असते. रिटुक्सिमॅबमध्ये यकृतातला जुना हिपॅटायटिस बी उसळू शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करतात. प्रत्येक औषध वेगळा भोंगा अडवतं, त्यामुळे धोक्यांची यादी थोडी बदलते. वर शाळेसाठी लिहिलेल्या बहुतेक गोष्टी मात्र या मुलांनाही लागू पडतात. फक्त पालकांकडून औषधाचं नाव नीट लिहून घ्या, 'ताकदीचं इंजेक्शन' एवढ्यावर भागवू नका.

शेवटी एक विनंती

निरोगी मुलाचं शरीर आजारी पडल्यावर स्वतःच ओरडून सांगतं, ताप आणून सांगतं. या मुलाच्या शरीराचा आवाज औषधानं मुद्दाम कमी केलेला असतो, ते बरं राहावं म्हणून. मग सांगण्याचं काम आई-वडिलांनी आणि वर्गशिक्षकांनी वाटून घ्यायचं. पट नवीन भरताना प्रत्येक पालकाला एक प्रश्न जरूर विचारा : "मुलाला कुठलं औषध कायम चालू आहे का?" उत्तर हो आलं, तर नाव लिहा, फोन नंबर लिहा आणि ती चिठ्ठी बदली झाल्यावर पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या.

लेख उपयोगी वाटला, तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर आणि आशाताईंना जरूर पाठवा.